भाजीचा हंगाम, भुकेचा हंगाम

'मुलाला हिरव्या पालेभाज्या द्या' हा सल्ला आपण बालरोगतज्ज्ञ दिवसातून किती वेळा देतो, याची मोजदाद कोणी केली नसावी. सल्ला योग्यच आहे; पण तो देताना आपण सहसा महिना विचारत नाही. इंदूरच्या भाजीबाजारात पालक आणि मेथी जवळजवळ बाराही महिने दिसतात, त्यामुळे आपल्याला तो प्रश्न सुचतही नाही. ज्या घरातील चूल अद्याप पावसाच्या वेळापत्रकाने चालते, तेथे मात्र या एकाच सल्ल्याचा जानेवारीतील अर्थ वेगळा आणि सप्टेंबरातील वेगळा. काही वर्षांपूर्वी मध्य मलावीतील एका ग्रामीण रुग्णालयाच्या बालविभागात काही महिने काम करण्याचा योग आला, तेव्हापासून या विषयाचे वाचन चालू आहे. आपल्या स्मरणिकेच्या वाचकांत डॉक्टर आहेत, तसेच समाजातील इतर मंडळीही आहेत. म्हणून शास्त्रीय तपशील आवश्यक तेवढाच ठेवून हा विषय मांडीत आहे.

मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातील चिंचोळा, दाट वस्तीचा देश. बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात आणि बहुतेकांची जमीन एक हेक्टरहूनही कमी. वर्षात पावसाळा एकच, नोव्हेंबर ते एप्रिल. मुख्य अन्न मका. मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड शिजवतात, तिला न्सिमा म्हणतात. तिचा गोळा हाताने मळून कालवणात बुडवायचा आणि खायचा. या कालवणाला चिचेवा भाषेत न्दिवो असा शब्द आहे. मासळी असो, डाळ असो, मांस असो वा पाला असो, न्सिमासोबत जे जे येते ते सर्व न्दिवो. आपल्या खेड्यांतील 'कोरड्यास' हा शब्द त्याला बराच जवळचा आहे. गरीब घरात वर्षातील बहुतेक दिवस हे न्दिवो पाल्याचेच असते.

धान्य आणि कालवण यांची ही जोडी आफ्रिकेच्या मोठ्या भागात आढळते. मलावीच्या पश्चिमेस झांबिया आहे. त्याच्या उत्तर भागातील बेंबा लोकांत ऑड्री रिचर्ड्स या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ १९३० च्या दशकात राहिल्या, आणि 'लँड, लेबर अँड डाएट इन नॉर्दर्न ऱ्होडेशिया' हा त्यांचा ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला. बेंबांची उकड त्या काळी नाचणीची असे. तिच्यासोबत उमुनानी, म्हणजे कालवण, नसेल तर ते तिला जेवण मानीत नसत. कोणत्या ऋतूत हे कालवण कशाचे असते, ते कोण आणते आणि त्याला किती वेळ लागतो, हे रिचर्ड्स यांनी घराघरांत बसून टिपले. बेंबांच्या आहाराविषयीचा त्यांचा एक शोधनिबंध १९३६ साली एल्सी विडोसन यांच्यासह निघाला होता. मॅककॅन्स आणि विडोसन यांची अन्नघटकांची कोष्टके आपण विद्यार्थिदशेत वापरली, त्याच या विडोसन. आहारशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांनी एका चुलीपाशी बसण्याचे इतके जुने उदाहरण विरळाच.

आता हे कालवणाचे वर्ष पाहू. नोव्हेंबरअखेर पहिला पाऊस पडतो आणि मक्याची पेरणी होते. मक्याबरोबरच, किंबहुना त्याच्याही आधी, शेतात तण उगवते. आपण तण म्हणतो. मलावीतील गृहिणी त्यातील निम्मे तरी भाजी म्हणून ओळखते. बोनोंग्वे म्हणजे आपला माठ. लुनी म्हणजे क्लिओम गायनांड्रा, आपल्या शेताच्या बांधावर पावसाळ्यात उगवणारी पांढरी तिळवण. चिसोसो म्हणजे बायडेन्स पिलोसा, जिच्या काळ्या काटेरी बिया कपड्यांना चिकटतात. तिचा कोवळा पाला खुडून शिजवतात. या भाज्या कोणी पेरलेल्या नसतात. तरीही त्यांना निव्वळ 'रानटी' म्हणणे बरोबर नाही, कारण निंदणी करताना बाई कुदळीने काही रोपे काढते आणि काही मुद्दाम राखते. मोठे झालेले एखादे झाड बी पडेपर्यंत तसेच ठेवते. पेरलेले आणि आपोआप आलेले यांच्यामध्ये असा एक तिसरा प्रकार आहे. पुस्तकातील वर्गीकरणात तो बसत नाही, ताटात मात्र रोज असतो.

जानेवारीपासून मक्याच्या ओळींमध्ये पेरलेल्या वेली पसरतात. भोपळ्याच्या कोवळ्या पानांना न्खवानी म्हणतात. देठावरची शिर सोलून ती पाने शिजवतात, आणि माझ्या मते मलावीतील सर्वांत चविष्ट भाजी तीच. चवळी आणि घेवडा यांचा पालाही याच काळात खुडतात. येथे हिशेब करावा लागतो. पाने फार खुडली तर पुढे भोपळा आणि शेंगा कमी येतात. म्हणजे आजचे कालवण उद्याच्या डाळीतून वजा होते. कोणत्या वेलीची किती पाने घ्यायची हे घरातील ज्येष्ठ बाई ठरवते. भेंडीचा आणि तत्सम बुळबुळीत पाला थेरेरे म्हणून ओळखला जातो. तो शिजवताना चिदुलो, म्हणजे जाळलेल्या काड्यांची राख पाण्यात गाळून केलेले खारे पाणी घालतात. पाला लवकर मऊ होतो, पण क्षारामुळे क जीवनसत्त्व आणि थायमिन यांचा नाश होतो. आपल्याकडे हरभरे शिजवताना सोडा टाकणाऱ्यांनी त्यांना हसू नये.

एप्रिल-मे महिन्यांत मका घरात येतो आणि विणलेल्या कणगीत, म्हणजे न्खोक्वेत, भरला जातो. पाऊस थांबलेला असतो. शेतातील पाला वाळू लागतो. आता दोन उपाय उरतात. पहिला उपाय मफुत्सो. भर पावसाळ्यातील जादा पाला खुडून, उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात वाळवून ठेवतात. दुसरा उपाय दिम्बा. सखल, ओलसर जमिनीत कोरड्या ऋतूत केलेला हा भाजीमळा. तेथे मोहरीचा पाला, रेप नावाची मोहरीच्याच कुळातील पालेभाजी, कोबी, टोमॅटो होतात. ज्याच्याकडे दिम्बाची जमीन आहे त्याला जूननंतरही ताजी भाजी आणि विकून चार पैसे मिळतात. ज्याच्याकडे नाही त्याला मफुत्सो, रताळ्याचा पाला आणि चिग्वादा, म्हणजे कसाव्हाचा पाला. ऑगस्ट ते ऑक्टोबर हे पाल्याच्या दृष्टीने सर्वांत कोरडे महिने. नोव्हेंबरात आंबे पिकू लागतात आणि चक्र पुन्हा सुरू होते.

येथपर्यंतचे वर्णन वाचून कोणासही वाटेल की निसर्गाने सोय उत्तम केली आहे. पण या चक्राशेजारी धान्याचे चक्र ठेवून पाहावे. एप्रिलमध्ये भरलेली कणगी पुष्कळ घरांत डिसेंबरात, काही घरांत त्याहीपूर्वी, रिकामी होते. नवा मका हिरवा असताना खाण्याजोगा व्हायला फेब्रुवारीअखेर किंवा मार्च उजाडतो. मधले महिने भुकेचे. म्हणजे शेतात माठ, तिळवण, भोपळ्याची पाने, झाडावर आंबे आणि रानात अळंबी अशी सर्वाधिक रेलचेल ज्या काळात असते, त्याच काळात घरात पीठ नसते. पीठ मुबलक असते तेव्हा पाला दुर्मीळ होतो. भाजीचा हंगाम आणि भुकेचा हंगाम एकच आहे, ही या आहाराची मुख्य गाठ. ती लक्षात न घेता दिलेला सल्ला निष्फळ ठरतो, प्रसंगी घातकही.

घातक कसा, हे आकड्यांनी सांगतो. एक ते दोन वर्षांच्या, आईचे दूध पिणाऱ्या मुलास दुधाव्यतिरिक्त दिवसाला सुमारे ५५० किलोकॅलरी वरच्या अन्नातून लागतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे. १०० ग्रॅम ताज्या पालेभाजीत साधारण २५ ते ५० किलोकॅलरी असतात, माठासारख्या भाजीत त्याहूनही किंचित कमी. ३० किलोकॅलरीचा हिशेब धरला तरी ५५० साठी १,८०० ग्रॅमहून अधिक पाला लागेल. आणि आठ किलो वजनाच्या मुलाच्या जठरात एका वेळी सुमारे २४० ग्रॅम अन्न मावते. पाल्याने पोट भरते, मूल रडायचे थांबते, वजन मात्र घटत राहते. मोठी माणसे भुकेच्या महिन्यांत पाल्याचे प्रमाण वाढवून आणि उकडीचे कमी करून दिवस काढू शकतात. दीड वर्षाच्या मुलास ते शक्य नसते.

त्यात हेच महिने शेतीच्या कामाचे. आई पहाटे शेतावर जाते. घरातले पीठ संपले असेल तर गान्यू करते, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात मजुरी करून त्याबदल्यात मका किंवा पैसे घेते. आणि तिच्या स्वतःच्या शेतातील निंदणी लांबते. त्याचा फटका पुढच्या कणगीला बसतो. मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या पाठीवर. चार वेळा भरवायचे ते दोन वेळा होते. याच काळात हिवताप आणि अतिसार वाढतात. मलावीत जानेवारी ते मार्च या काळात कुपोषण विभागातील खाटा भरतात, त्यामागे अशी अनेक कारणे एकत्र आलेली असतात. आमच्या विभागात एकाच आठवड्यात पायांवर सूज, केस पिंगट आणि त्वचा सोललेली अशी मुले एकामागून एक येत; आणि त्यांच्या आयांच्या बोटांना पाला खुडल्याचे हिरवे डाग असत.

ही सूज, अर्थातच, क्वाशिओरकॉर. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानामधून, या आजाराचे वर्णन मक्याच्या आहाराशी जोडून केले आणि १९३५ साली 'लॅन्सेट'मध्ये गा भाषेतील हा शब्द वैद्यकास दिला. धाकटे भावंड आल्यामुळे आईच्या दुधावरून दूर झालेल्या मुलाचा आजार, असा त्याचा भावार्थ. प्रथिनांची उणीव हेच कारण, असे आपण शिकलो. पुढे ऑक्सिडेशनपासून संरक्षण देणाऱ्या घटकांची उणीव असावी असाही सिद्धान्त आला. तो खरा असता तर हिरव्या पाल्याचे महत्त्व एकदम वाढले असते. पण मलावीतच झालेल्या चाचणीत असे घटक मुलांना दिले असता क्वाशिओरकॉर टळला नाही. हा निष्कर्ष २००५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. २०१३ साली मलावीतील जुळ्या मुलांच्या अभ्यासातून आतड्यातील जीवाणूंचा सहभाग पुढे आला. कोडे पूर्ण सुटलेले नाही. पाल्याने हा आजार टळतो, असे म्हणायला मात्र आधार नाही.

मग पालेभाजीचे मोल कशात? फोलेट, कॅल्शियम, काही अंशी लोह, क जीवनसत्त्व आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बीटा कॅरोटीन. १९८३ साली दक्षिण मलावीत शिरे नदीच्या खालच्या खोऱ्यात झालेल्या पाहणीत अ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा नेत्ररोग ही सार्वजनिक आरोग्याची मोठी समस्या असल्याचे दिसले होते. ज्या मुलाचा साठा आधीच संपलेला असतो, त्याच्या बाबतीत गोवर डोळा आणि जीव दोन्ही घेऊ शकतो. अ जीवनसत्त्व यकृतात साठते, त्यामुळे आंबा आणि पाला यांच्या महिन्यांतील कमाई पुढील कोरड्या महिन्यांत काही प्रमाणात पुरते. परंतु येथेही एक सावधगिरी आहे. १९९५ साली इंडोनेशियातील स्तनदा मातांवरील एका अभ्यासाने दाखवले की गडद हिरव्या पालेभाज्या रोज देऊनही त्यांची अ जीवनसत्त्वाची पातळी अपेक्षेप्रमाणे सुधारली नाही. तेवढेच बीटा कॅरोटीन घातलेल्या वेफरने ती सुधारली. पानाच्या पेशींतून कॅरोटीन सहज सुटत नाही. पूर्वी ६ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन म्हणजे १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल असे गणित होते. २००१ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने ते १२ ला १ असे केले. म्हणजे पाल्याचे मोल एका फटक्यात निम्मे झाले.

पान बारीक चिरणे किंवा कुटणे, पुरेसे शिजवणे आणि सोबत थोडा स्निग्धांश असणे, यांनी शोषण सुधारते. आणि येथेच मलावीच्या स्वयंपाकघरातील एक जुनी रीत कामी येते. न्सिंजिरो म्हणजे शेंगदाण्याचे कूट. कच्चे शेंगदाणे उखळात कुटून त्याचे पीठ शिजत्या पाल्यात घालतात. माहेरी आलेल्या मराठी माणसासारखा मी पहिल्याच दिवशी ही भाजी ओळखली. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे ५६० किलोकॅलरी आणि जवळपास निम्मा स्निग्धांश. दोन चमचे कूट घातले की भाजीचे कॅलरीमूल्य कित्येक पटींनी वाढते, आणि कॅरोटीनलाही वाहक मिळतो. गंभीर कुपोषणासाठी आज जगभर वापरले जाणारे तयार अन्नही मुळात शेंगदाण्याचेच. १९९० च्या दशकात आन्द्रे ब्रियाँ यांनी ते विकसित केले, त्याने घरीच उपचार करण्याचे महत्त्वाचे प्रयोग मलावीत झाले, आणि २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी ती पद्धत स्वीकारली. अडचण एवढीच की भुकेच्या महिन्यांत शेंगदाणा एकतर विकलेला असतो, नाहीतर बियाणे म्हणून मातीत गेलेला असतो.

वाळवणाबद्दल थोडे. उन्हात वाळवल्याने क जीवनसत्त्व जवळपास सारे जाते आणि कॅरोटीनचा मोठा भाग नष्ट होतो. सावलीत, वाऱ्यावर वाळवले तर कॅरोटीन बरेच अधिक टिकते. हा बदल बिनखर्चाचा आहे. पश्चिम आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात बाओबाबचा पाला वाळवून, दळून, त्याचे पीठ वर्षभर रश्श्यात घालतात; हौसा भाषेत झाडालाही आणि त्या पिठालाही कुका म्हणतात. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. मांडूला सहलीस गेलेल्या प्रत्येक इंदूरकराने 'खुरासानी इमली' म्हणून तिचे फळ चाखले आहे. ते झाड मूळचे आफ्रिकेतले.

कसाव्हाच्या पाल्याला मात्र नुसते शिजवून चालत नाही. त्यात सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात. पाला उखळात चांगला कुटून दीर्घकाळ उकळावा लागतो. कुटण्याची ही मेहनत टाळता येत नाही, आणि घाईच्या महिन्यांत धोका तेथेच असतो. कसाव्हाच्या कंदांबाबत असेच १९८१ साली शेजारच्या मोझांबिकमध्ये घडले. दुष्काळात कडू कंद पुरेशी प्रक्रिया न करता खाल्ले गेले आणि हजाराहून अधिक लोकांना, प्रामुख्याने स्त्रिया व मुलांना, दोन्ही पायांचा कायमचा ताठर पक्षाघात झाला. पुढे जगप्रसिद्ध झालेले हान्स रोसलिंग त्या वेळी तेथे तरुण डॉक्टर होते. मध्य प्रदेशात खेसरी डाळीच्या लॅथिरिझमचे रुग्ण पाहिलेल्या आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही.

हे सारे ज्ञान बायकांचे, तोंडी आणि जागेशी बांधलेले आहे. पूर्वीच्या स्वाझीलँडमध्ये, म्हणजे आजच्या एस्वातिनीत, ऑगल आणि ग्रिवेटी यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाद्य रानवनस्पतींच्या दोनशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या. पण ज्ञान टिकायला जागा लागते. तणनाशक फवारले की माठ आणि तिळवण मक्याच्या ओळीतून नाहीशा होतात. कुदळ ज्याला राखते त्याला रसायन राखत नाही. आणि लाजही आड येते. तणाची भाजी म्हणजे गरिबीची खूण, कोबी आणि रेप म्हणजे सुधारणेची. रुग्णालयात मी आयांना काल काय शिजवले म्हणून विचारी, तेव्हा उत्तर बहुधा 'रेप' असे येई. परिचारिकेने हसत दुसऱ्यांदा विचारले की 'लुनी' बाहेर पडे.

ही लाज घालवता येते, याचे उदाहरण केनियाचे आहे. तेथे वसाहतकाळापासून विलायती पालेभाज्या प्रतिष्ठित झाल्या. १९९० च्या दशकापासून वनस्पतिशास्त्रज्ञ पॅट्रिक माउंडू, प्राध्यापिका मेरी अबुकुत्सा-ओन्यांगो आदींनी मानागू, म्हणजे आपल्या कामोणीच्या जातीतील भाजी, तिळवण, चवळीचा पाला यांचे बियाणे सुधारणे, लागवड शिकवणे आणि अन्नमूल्ये मांडणे हे काम चिकाटीने केले. पुढील दशकात या भाज्या नैरोबीच्या सुपरमार्केटमध्ये आल्या. भाव वाढला हे शेतकरी बाईला चांगले. पण बाजारात विकली गेलेली जुडी तिच्या मुलाच्या ताटात येत नाही, हेही खरे.

२०२४ साली एल निनोच्या दुष्काळात मलावी आणि झांबिया या दोन्ही देशांना राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. मका ऐन कणसावर असताना पाऊस गेला. अशा वर्षी भोपळ्याचा वेलही लवकर सुकतो, वाळवण्यास जादा पाला उरत नाही, आणि भुकेचे महिने पुढच्या डिसेंबरची वाट न पाहता कितीतरी आधी सुरू होतात.

आमच्या विभागातून मूल घरी जाताना तेथील परिचारिका आईला जे सांगत, ते माझ्या आजवरच्या सल्ल्याहून नेमके होते. भुकेच्या महिन्यांत त्यांचे पहिले बोलणे पाल्याविषयी नसेच. आधी पेज, जाड करून, तीत न्सिंजिरो, दिवसातून चार-पाच वेळा, पाला मुठीभर, बारीक चिरून, त्याच भांड्यात. मे महिन्यात आलेल्या आईला त्या उलट सांगत: कणगी भरली आहे, आता पाला शोध, रताळ्याच्या वेलीवर पाने आहेत, आणि उरलेला शेंगदाणा सगळा विकू नकोस, एक गाडगे मुलासाठी वेगळे ठेव. कार्डावर तारीख घालण्याच्या आधी त्या महिन्याचे नाव मोठ्याने उच्चारीत.